रस्टमधलं पॅनिक आणि बागेतला कंट्रोलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपात, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, पिंपळगावच्या वजनकाट्यावर किंवा एखाद्या शीतगृहात चालणारा छोटा कंट्रोलर रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. सी सोडून रस्टकडे आलेल्या मुलामुलींकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. चूक सापडल्यावर प्रोग्राम थांबवणं भाषा आपल्यासाठी करते. थांबल्यावर व्हॉल्व्ह, मोटर आणि कॉम्प्रेसर कोणत्या अवस्थेत राहणार हे मात्र आपल्यालाच ठरवायचं असतं, आणि ते कोड लिहायला बसण्याआधी ठरलेलं हवं.

## पॅनिक झालं म्हणजे नेमकं काय होतं?

आठ चॅनेलच्या ॲरेतून नववा चॅनेल वाचायला गेलात, पूर्णांकाला शून्याने भागलंत, रिकाम्या ऑप्शनवर अनरॅप केलंत (आतली व्हॅल्यू काढा, नसेल तर पॅनिक), किंवा रेफसेल (उसनवारीचे नियम प्रोग्राम चालताना तपासणारा डबा) एका ठिकाणी बदलासाठी घेतलेला असताना दुसरीकडे पुन्हा मागितलात, तर रस्ट तिथेच थांबतो. एरर आउटपुटवर थ्रेडचं नाव, फाइल, ओळ आणि कॉलम छापला जातो. मग अनवाइंडिंग सुरू होतं: फंक्शनांची रांग उलट्या क्रमाने मोकळी होत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक व्हॅल्यूचा ड्रॉप, म्हणजे साफसफाईचा कोड, चालतो, त्यामुळे उघड्या फाइली बंद होतात आणि लॉक सुटतात. मेन थ्रेडमध्ये पॅनिक झालं तर प्रोसेस १०१ हा एक्झिट कोड देऊन संपते.

सीमध्ये नववा चॅनेल वाचला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. शेजारच्या मेमरीत जे पडलेलं असेल ते पानांवरच्या ओलाव्याचं रीडिंग म्हणून परत येतं, आणि त्या आकड्यावर विसंबून बागायतदार डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी करायची की नाही ते ठरवतो. खोट्या आकड्यापेक्षा थांबलेला प्रोग्राम बरा, या मतावर मी ठाम आहे.

## मग रिझल्ट कधी परत करायचा आणि पॅनिक कधी होऊ द्यायचं?

एकच गोष्ट विचारा: ही वेळ आली तर चूक कोणाची? बाहेरच्या जगाची असेल तर रिझल्ट, म्हणजे यश किंवा एरर यांपैकी एक सांगणारी व्हॅल्यू. आपल्या कोडची असेल तर पॅनिक.

वजनकाट्याचं उदाहरण घेऊ. कांद्याची ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वजनाची ओळ पाठवतो, आपण ती पार्स करून आकडा काढतो. ट्रॉली अजून हलत असेल तर काही इंडिकेटर वजनाऐवजी अस्थिरतेची खूण पाठवतात. केबल सैल असेल तर अर्धीच ओळ येते. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर मधली दोन अक्षरं बिघडतात. यातलं काहीही प्रोग्रामची चूक नाही, बाजार समितीच्या आवारात हे रोज होणारच. म्हणून पार्सिंगचं फंक्शन रिझल्टच देईल, आणि वरचा कोड ठरवेल की पुढच्या ओळीची वाट बघायची की ऑपरेटरला सांगायचं.

आता त्याच प्रोग्राममध्ये भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करणारं फंक्शन आहे. भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा कमी नाही हे तपासूनच ते बोलवायचं, असा नियम आपणच केलेला आहे. तरीही उलटे आकडे आत पोहोचले, तर वरचा कोड चुकलाय. इथे असर्ट (अट खोटी निघाली की पॅनिक) लावा आणि पॅनिक होऊ द्या. अशा जागी रिझल्ट देत बसलं तर वरच्या प्रत्येक फंक्शनला एका अशक्य गोष्टीची सोय करावी लागते, ती सोय कधीच तपासली जात नाही, आणि खरी चूक त्या ढिगाखाली गाडली जाते.

लायब्ररी लिहित असाल तर शंका आल्यास रिझल्टकडे झुका. पॅनिक करायचं की नाही हा निर्णय तुमची लायब्ररी वापरणाऱ्याच्या हातात राहतो.

## अनरॅप वापरूच नये, असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही. पण जपून.

१८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य वेबसाइटींची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली, ती घटना या चर्चेत हमखास निघते. बॉट ओळखणाऱ्या भागाला एक फीचर फाइल लागायची. डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या बदलामुळे त्या फाइलमध्ये ओळी दुबार आल्या आणि ती फुगली. वाचणाऱ्या रस्ट कोडमध्ये २०० फीचरची मर्यादा होती. मर्यादा ओलांडल्यावर एरर आली, त्या एररवर अनरॅप होतं, आणि प्रॉक्सी पॅनिक झाला.

अनरॅपच्या जागी दुसरं काही लिहिलं असतं तर सगळं निभावलं असतं, हे मला पटत नाही. फाइल घरचीच आहे, म्हणून ती नीटच असणार असं गृहीत धरलं गेलं, माझ्या मते मूळ तिथे आहे. फाइल ही फाइलच. ती आपल्याच दुसऱ्या प्रोग्रामने बनवली असली तरी वाचणाऱ्यासाठी ती बाहेरच्या जगातून आलेली असते. फाइल खराब निघाली तर आधीची चांगली प्रत चालू ठेवायची, इतकी एक वाट आखलेली हवी. आपल्या शेड्यूल फाइलींना, मेमरी कार्डावरच्या कॅलिब्रेशनला हाच नियम लावा.

अनरॅप योग्य ठरतो तो टेस्टमध्ये, प्रयोगाच्या कोडमध्ये, आणि जिथे एरर येणं शक्यच नाही हे तुम्हाला कळतं पण कंपायलरला कळत नाही तिथे. या तिसऱ्या जागी अनरॅपऐवजी एक्स्पेक्ट वापरा आणि संदेशात आपण कशाच्या भरवशावर आहोत ते लिहा. ‘चॅनेल मिळाला नाही’ हे कुणालाही दिसतंच. ‘चॅनेलची यादी सुरुवातीलाच तपासलेली असल्याने इथे चॅनेल असायलाच हवा’ असं लिहिलंत तर रात्री लॉग वाचणाऱ्याला कुठे शोधायचं ते कळतं. क्लिपी या रस्टच्या कोड तपासणाऱ्या साधनामध्ये अनरॅप आणि एक्स्पेक्ट या दोन्हींना हरकत घेणारे लिंट आहेत, तसाच थेट इंडेक्सिंगलाही हरकत घेणारा आहे. फील्डवर जाणाऱ्या क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) मी ते चालू ठेवतो, म्हणजे प्रत्येक अपवाद मुद्दाम लिहावा लागतो.

## डीबग बिल्डमध्ये पॅनिक होतं आणि रिलीजमध्ये होत नाही, असं का?

बहुतेक वेळा कारण पूर्णांकांचा ओव्हरफ्लो असतो. डीबगमध्ये बेरीज-वजाबाकी टाइपच्या मर्यादेबाहेर गेली की पॅनिक होतं. रिलीजमध्ये तीच तपासणी मुळातच बंद असते आणि आकडा गुंडाळून दुसऱ्या टोकाला जातो.

हे आपल्या भागात किती महागात पडू शकतं ते बघा. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे ठिबकने पाणी सोडतात, शेकोट्या पेटवतात, आणि त्यासाठी त्यांना वेळेवर अलार्म हवा असतो. समजा तापमान दशांशात, बिनचिन्हाच्या १६ बिटी पूर्णांकात ठेवलंय: ४.० अंश म्हणजे ४०, धोक्याची पातळी ५.० अंश म्हणजे ५०. कोड म्हणतो, तापमानातून पातळी वजा करा आणि फरक २० पेक्षा कमी झाला की अलार्म वाजवा. पारा सहा अंशांवर असेपर्यंत फरक १० येतो आणि अलार्म वाजतो. पारा चारवर उतरला की ४० वजा ५० हे रिलीजमध्ये ६५५२६ होतं. तो २० पेक्षा कमी नाही, त्यामुळे वाजत असलेला अलार्म ऐन कडाक्यात बंद पडतो. मे महिन्यात टेबलावर तपासलेल्या बोर्डात ही चूक दिसायचं कारणच नाही.

उपाय तीन. तापमान चिन्हासह टाइपमध्ये ठेवा. जिथे मर्यादा ओलांडणं शक्य आहे तिथे चेक्ड किंवा सॅच्युरेटिंग वजाबाकी मुद्दाम लिहा. आणि रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा. तपासणीने वेग कमी होईल अशी भीती व्यक्त केली जाते, पण दर मिनिटाला एक रीडिंग घेणाऱ्या बोर्डाला त्या वेगाचं करायचं काय?

## अनवाइंड ठेवू की अबॉर्ट?

कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनाच्या प्रोफाइलमध्ये पॅनिकची पद्धत अबॉर्ट केली की ड्रॉप चालत नाहीत. संदेश छापला जातो आणि प्रोसेस जागेवर संपते. लिनक्सवर ती सिगअबॉर्टने मरते, शेलमध्ये १३४ दिसतो. बायनरी थोडी लहान होते. ही सोय स्थिर रस्टमध्ये १.१० पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. कार्गोच्या टेस्ट मात्र या सेटिंगकडे दुर्लक्ष करून अनवाइंडच वापरतात.

माझा कल सरळ आहे. प्रोसेसबाहेर तिला परत उठवणारं कुणी असेल, उदाहरणार्थ लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी, आणि आत अनेक थ्रेड एकाच डेटावर काम करत असतील, तर अबॉर्ट. एका विनंतीत बिघाड झाला तरी बाकीच्या विनंत्या चालू राहायला हव्यात असा सर्व्हर असेल, तर अनवाइंड.

सिस्टमडी वापरताना एक अडचण लक्षात ठेवा. रीस्टार्ट ऑन-फेल्युअर ठेवलं तरी मुळातली मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची आहे, आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर १०० मिलिसेकंद. सेन्सर तुटलेला असताना प्रोग्राम सुरू होताच पॅनिक होत असेल, तर पाच प्रयत्न बघता बघता संपतात आणि नंतर सिस्टमडी त्याला उठवतच नाही. रीस्टार्टमधलं अंतर ५ सेकंद करा, म्हणजे ही मर्यादा आड येत नाही.

## एक थ्रेड पॅनिक झाला पण बाकीचा प्रोग्राम चालूच आहे. हे ठीक आहे का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. मेन सोडून दुसऱ्या थ्रेडमध्ये पॅनिक झालं तर फक्त तो थ्रेड संपतो. प्रोसेस जिवंत राहते, एक्झिट कोड येत नाही, सिस्टमडीला काही कळत नाही.

शीतगृहाचा विचार करा. एक थ्रेड खोलीचं तापमान वाचून शेअर्ड जागेत लिहितो, दुसरा स्क्रीनवर दाखवतो, तिसरा कॉम्प्रेसरचा रिले सांभाळतो. वाचणारा थ्रेड पॅनिक होऊन गेला. स्क्रीनवर शेवटचा आकडा, समजा ०.८ अंश, तसाच उभा राहतो. रिले सांभाळणाऱ्याला वाटतं खोली पुरेशी थंड आहे, म्हणून तो कॉम्प्रेसर बंदच ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान दिसतं आणि आत निर्यातीची द्राक्षं तापत राहतात. प्रोग्राम सरळ बंद पडला असता तर स्क्रीन काळी झाली असती, कुणीतरी धावत आलं असतं.

म्हणून प्रत्येक थ्रेडचा जॉइन-हँडल (तो कसा संपला ते सांगणारा दुवा) कुणाच्या तरी हातात असायला हवा. जॉइन केल्यावर थ्रेड पॅनिक झाला असेल तर एरर मिळते आणि तिच्यात पॅनिकचा संदेशही असतो. टोकियो या असिंक रनटाइममध्येही तसंच: स्पॉन केलेल्या टास्कचं पॅनिक रनटाइम पकडतो आणि जॉइन-हँडलमधून देतो. हँडल टाकून दिलात तर एरर आउटपुटवरच्या संदेशापलीकडे कुणाला पत्ता लागत नाही. दुसरं, प्रत्येक रीडिंगसोबत वेळ साठवा आणि ठरावीक वेळेपेक्षा जुनं रीडिंग ‘नाही’ असंच समजा. हा उपाय पॅनिकशिवाय अडकलेल्या थ्रेडलाही लागू पडतो, म्हणून मला तो जास्त प्रिय आहे. आणि ज्या प्रोग्राममध्ये कोणताही थ्रेड मरणं म्हणजे सगळंच संपणं आहे, तिथे अबॉर्ट लावून मोकळे व्हा.

## म्युटेक्स ‘पॉइझन’ झाला म्हणतो, त्याचं काय करायचं?

म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला डेटा देणारा लॉक. तो हातात असताना थ्रेड पॅनिक झाला, तर आतला डेटा अर्धवट बदललेला असू शकतो. म्हणून पुढच्या प्रत्येक लॉकला एरर मिळते. तिथे अनरॅप असेल तर दुसरा थ्रेडही पॅनिक होतो, आणि बहुतेक वेळा तेच हवं असतं. एररमधून इन्टू-इनर करून डेटा काढता येतो, पण तो पूर्ण नव्याने भरणार असाल तरच काढा.

## कॅच-अनवाइंडने ट्राय-कॅचसारखं काम होईल का?

होईल, पण त्यासाठी ते नाही. पॅनिक तिथेच अडवणारं हे फंक्शन रस्ट १.९ पासून आहे. प्लगइन किंवा विनंती हाताळणाऱ्या कोडभोवती कुंपण म्हणून ते ठीक. रोजच्या एरर पकडायला ते वापरू नका, आणि अबॉर्ट लावलेलं असेल तर ते काहीच पकडत नाही.

## पॅनिक हुकमध्ये काय लिहावं?

थोडकंच. हुक म्हणजे पॅनिक होताच चालणारं, आपण दिलेलं फंक्शन. तो अनवाइंडिंगच्या आधी चालतो आणि अबॉर्ट असतानाही चालतो, त्यामुळे संदेश, जागा आणि फर्मवेअरची आवृत्ती फाइलमध्ये लिहायला ती योग्य जागा आहे. तिथे लॉक घेऊ नका, कारण तोच लॉक पॅनिक झालेल्या थ्रेडच्या हातात असू शकतो आणि मग सगळं लटकून राहील. नेटवर्कवरून संदेश पाठवायचा मोह आवरा. फाइल लिहा, पुढच्या सुरुवातीला ती पाठवा. बागेत रेंज असेलच असं नाही.

## संदेश न येताच प्रोग्राम मेला. पॅनिक नव्हतं का?

नसावं. स्टॅक ओव्हरफ्लो हे पॅनिक नाही. लिनक्सवर स्टॅकच्या टोकाला राखलेल्या गार्ड पेजला धक्का लागतो, रनटाइम एक ओळ छापून प्रोसेस संपवतो, हुक चालत नाही. मेमरी संपल्यावर व्हेक (लांबी वाढणारी यादी) वाढवायला गेलात तर तिथेही सहसा अबॉर्ट होतं. अनवाइंडिंग चालू असताना एखाद्या ड्रॉपमधून दुसरं पॅनिक बाहेर पडलं, तरीही अबॉर्ट. म्हणून ड्रॉपमध्ये अनरॅप लिहू नका. आणि एकही ओळ न दिसता प्रोसेस गायब झाली असेल तर कर्नलचा लॉग बघा, कमी रॅमच्या बोर्डवर मेमरी कमी पडली म्हणून कर्नलनेच ती मारलेली असू शकते.

## आमची मॉडबस लायब्ररी सीमध्ये आहे, ती आमचं रस्टचं कॉलबॅक बोलावते. तिथे पॅनिक झालं तर?

रस्ट १.८१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, साध्या एक्स्टर्न सी फंक्शनच्या बाहेर पॅनिक निघू लागलं की प्रोसेस अबॉर्ट होते. त्याआधी तो प्रकार अनडिफाइन्ड बिहेवियरमध्ये, म्हणजे काय होईल याची हमी नसलेल्यात, मोडायचा. जुना कंपायलर धरून बसला असाल तर आधी तो बदला. कॉलबॅकच्या आत कॅच-अनवाइंड लावून सीला एरर कोड परत देणं ही स्वच्छ पद्धत.

## मायक्रोकंट्रोलरवर ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. तिथे पॅनिक झाल्यावर कोण काय करतं?

स्टँडर्ड लायब्ररीशिवायच्या बिल्डमध्ये पॅनिक हँडलर तुम्हीच द्यायचा. संपूर्ण बायनरीत तो एकच असतो आणि त्यातून परत येता येत नाही. स्थिर रस्टमध्ये ही सोय १.३० पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. शिकताना बहुतेक जण पॅनिक-हॉल्ट हा क्रेट घेतात. तो अनंत लूपमध्ये जाऊन बसतो. टेबलावर हे ठीक आहे, शेतात नाही.

कारण कॉर्टेक्स-एम जातीच्या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर अनवाइंडिंग नसतं, त्यामुळे ड्रॉप चालत नाहीत. ‘व्हॉल्व्हच्या ड्रॉपमध्ये बंद करायचा कोड लिहिलाय, काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला इथेच थांबवा. त्यात बॅटरीवरच्या ठिबक कंट्रोलरला सहसा लॅचिंग सोलेनॉइड असतात. उघडायला एक पल्स, बंद करायला उलट दिशेची पल्स, आणि मध्ये वीज गेली तरी व्हॉल्व्ह आहे तिथेच राहतो. उघडा असताना पॅनिक झालं आणि बोर्ड लूपमध्ये बसला, तर कुणी बागेत जाईपर्यंत पाणी चालूच. फर्टिगेशन चालू असेल तर खतही.

पॅनिक हँडलरमधून बंद करण्याची पल्स देता येते, पण मी त्यावर विसंबत नाही. बोर्ड सुरू झाल्यावर पहिलं काम म्हणून सगळ्या व्हॉल्व्हना बंदची पल्स द्या, बाकी सगळं त्यानंतर. मग रीसेट पॅनिकमुळे झाला असो, वॉचडॉगमुळे (वेळेत खूण मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) असो की बॅटरी खचल्यामुळे, पुढची वाट तीच राहते. पॅनिक हँडलरने फक्त संदेश रीसेटनंतरही टिकणाऱ्या रॅमच्या तुकड्यात ठेवायचा आणि बोर्ड रीसेट करायचा.

मात्र ‘बंद’ म्हणजे सुरक्षित, हे सगळीकडे खरं नाही. खत सोडणारा व्हॉल्व्ह बंद बरा. थंडीच्या पहाटे सोडलेलं पाणी मध्येच बंद झालं तर नुकसान होऊ शकतं. कॉम्प्रेसर बंद राहिला तर माल जातो, पण तो रीसेटनंतर लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरच जातो, दोन स्टार्टमध्ये काही मिनिटांचं अंतर लागतं. हे आपण ऑफिसात बसून ठरवू नये. बागायतदाराला, शीतगृहाच्या ऑपरेटरला विचारा: ‘काका, रात्री दोनला हा डबा बंद पडला तर काय उघडं राहिलेलं चालेल?’ उत्तर लिहून घ्या आणि ते कोडमध्ये उतरवा.

## वॉचडॉग लावलाय. एवढं पुरे ना?

वॉचडॉगला थोपटणारा कोड टायमर इंटरप्टमध्ये असेल तर नाही. मेन लूप अडकला तरी इंटरप्ट थोपटत राहतो. लूपमध्ये, सगळ्या कामांनी हजेरी दिल्यावरच थोपटा. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरचा स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू केला की सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही, ही त्याची चांगली बाजू आहे. शिवाय रीसेट मोजा. ठरावीक वेळेत तेच पॅनिक पुन्हा पुन्हा येत असेल तर नेहमीचं काम सोडून फक्त संदेश पाठवणाऱ्या साध्या मोडमध्ये जा.

## जोडीला दुसरा तसाच कंट्रोलर ठेवला तर?

हार्डवेअर बिघडण्यावर तो उपाय आहे, कोडच्या चुकीवर नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात ६४ बिटी फ्लोटचा आकडा १६ बिटी चिन्हासह पूर्णांकात बसवताना मर्यादेबाहेर गेला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे दोन संच होते, दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. आधी राखीव संच बंद पडला, पाठोपाठ मुख्य, आणि उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आसपास रॉकेट नष्ट झालं. ज्या गणिताने घात केला त्याची उड्डाणानंतर गरजही नव्हती. एरर आल्यावर संच थांबवायचा हा निर्णय हार्डवेअरचा बिघाड गृहीत धरून घेतलेला होता. दोन्ही संच एकदम थांबले तर काय, याचं उत्तर तिथे नव्हतं.

## हे सगळं टेस्ट कसं करायचं?

फंक्शन योग्य ठिकाणी पॅनिक होतं का, हे शुड-पॅनिक लावून तपासा आणि अपेक्षित संदेशही द्या, नाहीतर भलत्याच पॅनिकने टेस्ट पास होते. पण खरी परीक्षा बोर्डवर. फर्मवेअरमध्ये सिरियल पोर्टवरून मुद्दाम पॅनिक घडवणारी एक कमांड ठेवा. व्हॉल्व्ह उघडा, पाणी चालू करा, कमांड द्या आणि नळीकडे बघत उभे राहा.

## फील्डवरून आलेल्या बॅकट्रेसमध्ये ओळींचे आकडेच नाहीत.

लिनक्सच्या बोर्डवर रस्ट-बॅकट्रेस हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सर्व्हिस फाइलमध्येच १ करून ठेवा. रिलीज प्रोफाइलमध्ये डीबग माहिती ‘लाइन टेबल्स ओन्ली’ इतकी चालू करा, बायनरी थोडी वाढेल. मायक्रोकंट्रोलरवर जागा कमी असते आणि पॅनिकच्या संदेशांचं फॉरमॅटिंग बरीच फ्लॅश खातं, तिथे फाइल आणि ओळ इतकंच साठवा. आणि ज्या बिल्डची बायनरी बागेत बसवली आहे, तिची एल्फ फाइल (फंक्शनांची नावं आणि डीबग माहिती असलेली) कमिटच्या क्रमांकासकट जपून ठेवा. ती नसेल तर बोर्डवरून आलेला पत्ता कोणत्या फंक्शनचा हे शोधता येत नाही.